संडासातलं कॅलेंडर

पोलाद कारखान्याची काळी धूळ आल्त्येबाईंनी खिडकीवरून पुसली आणि फडकं घरी हवा मोजायला आलेल्या तपासनिसाच्या नाकासमोर धरलं.

"बाई, आमचं यंत्र हवा स्वच्छ दाखवतंय."

"मग यंत्रच पुसा एकदा!"

कॉफी संपवून तो संडासात गेला. तिथे, हॉलंडात घरोघरी असतं तसं, वाढदिवसांचं कॅलेंडर टांगलेलं होतं. त्यावर गल्लीतल्या सगळ्यांची नावं होती, अकरा नावांपुढे क्रूस. रोज सकाळी ती नावं बाईंकडे टक लावून बघायची.

तो बराच वेळाने बाहेर आला, तोंड उतरलेलं.

"गेलेल्यांची नावं खोडत का नाही?"

"वाढदिवस येतातच की. उद्या माझ्या लेकीचा, योरीनाचा आहे. दरवर्षी नऊच भरतात."