दाराखालची फट

पौषातल्या पहाटे अंगणात पाऊल टाकलं की फरशी तळव्यांना चावते. सातपुड्याकडून उतरलेला वारा लोणखेड्याच्या मोकळ्या शिवारातून निर्वेधपणे वाहत येतो आणि त्याच्या स्पर्शाने केळीच्या पानांच्या कडा करपून काळ्या पडतात. मग शेतकरी पपईच्या फळांना गोणपाट गुंडाळतात, बांधावर ओला पाला पेटवून बागेत धुराची ऊब साठवतात. ज्या थंडीत झाडावरच्या फळालाही पांघरूण लागतं, त्या थंडीत नुकत्याच जन्मलेल्या जिवाला किती जपावं?

गेल्या हिवाळ्यात हा प्रश्न आमच्याच घरी येऊन बसला. माझी मुलगी कविता बाळंतपणासाठी माहेरी आली होती. नात झाली, ती इवलीशी, वजनाने जरा कमीच. घरी आणल्यावर पहिले काही दिवस आम्ही विजेचा हीटर लावला. त्याची तांबडी सळई पाहूनच बरं वाटायचं. पण बिल आलं तेव्हा माझी पत्नी शोभा ते पुन्हा पुन्हा वाचून डब्यातले पैसे मोजायला बसली. त्यात वीजही मनाला येईल तेव्हा जाई, आणि हीटर विझला की खोली क्षणात पुन्हा गारठून जाई.

तेव्हा रनाळ्याहून माझी थोरली बहीण आली. मुलं आत्याला फुई म्हणतात, आणि मुलांमुळे आम्ही सगळेच. भावकीतल्या कितीतरी बाळंतपणांत तिचा हात लागलेला. तिने हीटर कोपऱ्यात सारला, शेतातल्या बाभळीचे कोळसे मागवले आणि लोखंडी शेगडी पेटवली. मग तिच्या सांगण्यावरून आम्ही खोली बंदिस्त केली. खिडकीला बाहेरून प्लास्टिक ठोकलं, त्यावर गोणपाट. वरच्या झरोक्यात चिंध्या कोंबल्या. दाराखालच्या फटीत जुनी गोधडी गुंडाळून दाबली.

"वारा आत येवाले नको," फुई म्हणाली. "बायतीनले वारा लागना ते जनमभर दुखस."

बाळंतिणीच्या खोलीत पुरुषाने जायचं नाही, हा आमच्याकडचा संकेत. त्यामुळे नातीची आणि माझी ओळख दाराबाहेरूनच वाढत होती. तिचं रडणं, मग अचानक थांबणं, फुईचं गुणगुणणं, ओव्याच्या धुरीचा वास. भिंतीपलीकडचं एक सबंध जग मी असं कानांनी आणि नाकाने पाहत असे.

त्या सकाळी आभाळ झाकोळलेलं होतं आणि वारा विलक्षण बोचरा. कविताची आंघोळ झाली. शेकण्यासाठी फुईने रसरशीत निखाऱ्यांची शेगडी आत नेली, आणि वाऱ्याने दार खडखडतं म्हणून आतून कडी घातली. शोभा स्वयंपाकघरात खीर ढवळत होती. मी ओसरीवर चहा घेत होतो. बाळ थोडं रडलं. मग ते रडणं क्षीण होत होत विरून गेलं, जसा एखादा आवाज रस्त्याने दूर जात जात ऐकू येईनासा होतो. मला ते खटकलं. रोज रडणं थांबलं की फुईचा सूर लागायचा. आज सूर नव्हता.

मी दारावर थाप मारली. "फुई?"

मी दाराला कान लावला.

"आतेच झोपन्या व्हतीन त्या," शोभा स्वयंपाकघरातून म्हणाली. "नका उठाडू."

मी पुन्हा हाक मारली, मोठ्याने. कवितालाही हाक मारली. दार दोन्ही हातांनी हलवलं. आतून काहीच नाही, कुशीवर वळल्याचासुद्धा आवाज नाही. शोभा पळी हातात घेऊनच बाहेर आली आणि माझं तोंड पाहून तीही दार ढकलू लागली.

मी घराला वळसा घालून खिडकीकडे धावलो. गोणपाट ओढलं, प्लास्टिक फाडलं, पल्ला आत ढकलला. आतून उबदार, जड हवा चेहऱ्यावर आली. गजांतून दिसलं ते अजून डोळ्यांपुढून हलत नाही. फुई भिंतीला टेकून मान टाकून बसलेली. बाजेवर कविता, तिच्या कुशीत बाळ, दोघी निश्चल. आणि खाली शेगडीत निखारे, धुराची रेषही नसलेले, किती शांत आणि किती सुंदर!

"कविता! ऊठ, बेटा. कडी काढ."

तिने डोळे उघडले. माझ्याकडे पाहिलं, पण ओळख दिसेना.

"आबा, मन्हं डोकं फुटी ऱ्हायनं."

"माहीत शे. कडी काढ. दार उघाड."

ती उठायला गेली आणि बाजेवरून खाली पडली. गजांतून माझा हात तिच्यापर्यंत पोचत नव्हता. बापाचा हात इतका निरुपयोगी असू शकतो हे मला तोवर ठाऊक नव्हतं. मी नुसता बोलत राहिलो. लहानपणी तिला पोहायला शिकवताना बोलायचो तसं, थोडं अजून, अजून थोडं. ती कोपरांवर सरकत दारापाशी गेली. एकदा मागे वळून बाळाकडे पाहू लागली. "बाळले आम्ही ल्हेतस, तू कडी काढ," मी म्हणालो. तिने दाराचा आधार घेत हात वर नेला, तो घसरला, तिने पुन्हा नेला. कडी पडली.

शोभाने दार ढकललं, पण खालच्या गोधडीत ते अडलं. तिने खांदा लावला. मग ती आत होती, बाळ तिच्या हातांत होतं, आणि ज्या वाऱ्यापासून आम्ही त्या लेकराला इतके दिवस लपवत होतो त्याच वाऱ्यात ती त्याला घेऊन अंगणात उभी होती. बाळाची मान लुळी पडलेली. मी कविताला ओढत बाहेर आणलं, मग आरडाओरडा ऐकून धावत आलेल्या शेजाऱ्याच्या मदतीने फुईला. त्यानेच आपली जीप काढली.

शहाद्याच्या रस्त्याला लागलो तेव्हा सगळ्या काचा खाली होत्या. थंडी कापत होती आणि कोणी काच वर करत नव्हतं. शोभा बाळाच्या तळपायांवर टिचक्या मारत होती. वाटेत उसाने भरलेला ट्रॅक्टर आडवा आला, जीप थांबली, आणि त्या थांबलेल्या जीपमध्ये बाळाने श्वास ओढून एक बारीक, चिडका टाहो फोडला. शोभाने डोळे मिटले. मी बाहेर उसाकडे पाहत राहिलो.

दवाखान्यात तिघींना प्राणवायू लावला. "शेगडी बंद खोलीत होती?" डॉक्टरांनी विचारलं.

"धूर नव्हता, साहेब."

"धूर नसतोच. निखाऱ्यांचा विषारी वायू दिसत नाही, त्याला वास नाही. गुंगी येते, माणसाला वाटतं झोप लागतेय."

तिघी बऱ्या होऊन घरी आल्या. त्यानंतर घर उबदार ठेवणं आम्ही नव्याने शिकलो. शेगडी अंगणातच राहते. खोलीच्या दक्षिणेच्या खिडकीतून दिवसभर ऊन आत घ्यायचं, सूर्य कलला की पल्ले लावून ते कोंडायचं, फक्त झरोका मोकळा. जमिनीवर गोणपाटं आणि वर सतरंजी. हीटर आंघोळीपुरता थोडा वेळ, माणूस जागं असताना. बाळाच्या डोक्याला टोपडं, आणि बाळ आईच्या उघड्या छातीशी, वरून शाल. नर्सने हे शिकवलं. विजेचं बिल उतरलं, खोली गारठली नाही.

पण घरातली एक जागा गारच होती. फुई खोलीत येत नव्हती. तिला कोणी काही बोललं नव्हतं, शोभाही नाही; पण बाळाला घे असंही कोणी म्हटलं नव्हतं. ती ओसरीच्या टोकाला बसून गहू निवडायची, आणि एका सकाळी तिने आपली पिशवी भरून ठेवलेली मी पाहिली. न बोललेल्या शब्दांनी घर किती थंड होतं! त्यावर कोणती शेगडी पेटवायची? मला सुचत नव्हतं. मी वर्तमानपत्र उघडून बसलो.

कविता ओल्या केसांनी दारात आली. बाळ तिच्या खांद्याशी होतं.

"फुई, माले केस वाळाडना शेतस. हिले ले ना."

फुईने मान वर केली नाही. "मन्हा हात थंडा शेतस."

"मंग छातीशी ले," कविता म्हणाली, आणि वाट न पाहता बाळ तिच्या पदराआड ठेवून दिलं.

फुईचे हात क्षणभर हवेतच राहिले, गव्हाची धूळ लागलेले. मग तिने ते पदराला पुसले, पुन्हा पुसले, आणि बाळाभोवती शाल लपेटून घेतली. तिचा चेहरा मला दिसत नव्हता. शोभा स्वयंपाकघरातून आली, थोडा वेळ उभी राहिली, आणि ओसरीवरची पिशवी उचलून आत घेऊन गेली.