पडद्यावरचा पटका

कार्टूनमधल्या उंदराला हातमोजे असत, टोपी असे, लबाडीच्या दहा तऱ्हा असत. आपल्याकडचा माणूस काढायची वेळ आली की मात्र त्या थोर चित्रकारांची अक्कल आटायची. एक पटका, दोन बटबटीत डोळे, पुढ्यात साप, झाला हिंदुस्थानी. काळा माणूस म्हणजे नुसते ओठ, चिनी म्हणजे नुसते दात. आणि साठच्या दशकाच्या सुरुवातीला बंगळूरच्या कॅन्टोन्मेंटमधलं आमचं थिएटर, त्यातही कोट घातलेली आपलीच माणसं, यावर पोट धरून हसायची.

इंग्रजी सिनेमाआधी ही कार्टूनं लागत. त्यांची रिळं तपासणं हे माझं काम. फिल्म बोटांतून सरकवायची, फाटलेला भाग कापायचा, टोकं खरवडून चिकटवायची. कापलेला प्रत्येक तुकडा मॅनेजरसाहेबांना दाखवायचा. निपाणीकडून आलेल्या, पाचवीत शाळा सोडलेल्या मला त्यांनी दाखला न मागता ठेवून घेतलं. ते उपकार मी विसरलेलो नाही. पण त्यांचे बूट जिन्यात वाजले की मी हातातला जोड पुन्हा एकदा तपासायचो.

आबा, माझे वडील, पहिल्यांदाच मला भेटायला आले आणि माझं काम बघायचं म्हणून हटून बसले. त्या आठवड्याच्या कार्टूनमध्ये नेमका पटकेवाला होता. साप पटक्याचं टोक धरून पळतो, हा गरगर फिरतो, शेवटी उघडं टक्कल. मी साहेबांकडे गेलो.

"साहेब, वडील येणारेत. तेवढं पटकेवालं स्वल्प, थोडंसंच, काढू का?"

"फाटलंय?"

"नाही."

"फाटलं तर कापायचं. बोचलं म्हणून नाही."

"सरी, साहेब," मी इथल्या कानडी सवयीनं 'बरं' म्हटलं.

दुपारच्या खेळाला आबांना बाल्कनीत बसवलं. डोक्यावर गुलाबी पटका, आठ हात तरी असेल. पडद्यावर तो येणार आणि सगळे वळून इकडे बघणार.

"आबा, पटका काढा की. मागच्यांना दिसत नाही."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. आमच्याकडे घरात माणूस गेलं की बोडक्या डोक्यानं बाहेर पडतात, एरवी नाही.

"कोन गेलं रं?"

"कुणी नाही. इथली रीत आहे."

खोटं. तरी आबांनी पटका उतरवला, घडी करून मांडीवर धरला.

साप आला, पटका सुटला, टक्कल चमकलं. बाल्कनी खदखदली. नोकरी जाईल म्हणून की सवयीनं, मीही हसलो. आबांनी तेवढ्यात पटक्याची घडी मोडली आणि सावकाश, एकेक वेढा ओढून, तो परत बांधायला घेतला.

मागून आवाज आला, मराठीतच, "बघ, पडद्यातून खाली उतरला."

मी मान वळवली नाही. आबांनीही नाही. शेवटचं टोक खोचून ते म्हणाले, "ह्ये तू जोडलंस व्हय?"

"व्हय."

"चांगलं जोडलंयस. कुटं तुटलं न्हाई."

दुसऱ्या दिवशी ते गावी गेले. कार्टून आणखी आठवडाभर चाललं. रोज सकाळी ती पटक्याची जागा आली की मी फिल्म उजेडात धरायचो, एखादा चरा, एखादी चीर दिसेल म्हणून. एकदाही दिसली नाही.