रंगाखाली अडलेला करंट

नव्वदीच्या दशकात लग्न होऊन मी कागलजवळच्या गावात आले. पहिल्याच दसऱ्याला सासऱ्यांनी उसाच्या सरीत चालणारा आमचा जुना, छोटा ट्रॅक्टर स्वतःच्या हातानं लाल रंगवला. पूजा झाली, हार घातला, शेजारी बघायला जमले. मामंजींनी किल्ली फिरवली, तर स्टार्टर नुसता टक् करून गप्प.

‘बॅटरी बसली. ढकला रं!’ मामंजी ओरडले.

जयसिंगपूरला माझ्या वडिलांचं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान होतं आणि तिथं मी बरंच शिकले होते. पदर खोचून पुढं झाले. ‘मामंजी, दिवे लावून किल्ली फिरवा.’ दिवे लख्ख लागले, पण किल्ली फिरताच मावळले. बॅटरीची अर्थिंगची वायर चासीला, म्हणजे ट्रॅक्टरच्या लोखंडी सांगाड्याला, आवळली होती, तिथं बोट लावलं तर चटका बसला.

‘बॅटरी चांगली हाय. तुम्ही रंगावरच बोल्ट आवळलाय. करंट जायाचा कुठनं?’

मी बोल्ट काढून पॉलिश पेपर मागितला तसे ते कळवळले, ‘माझा रंग खरवडतीस व्हय गं?’

‘बोल्टापुरताच की!’

लोखंड उघडं केलं, वायर घट्ट आवळली. ट्रॅक्टर लगेच सुरू झाला. चार्जिंगचा लाल दिवाही विझला, म्हणजे डायनामो बॅटरी भरत होता.

मामंजींनी मला मडगार्डवर बसवून देवळापर्यंत फेरी मारली. वाटेत भेटेल त्याला ओरडून सांगत होते, ‘आमची सूनबाई वायरिंगवाली हाय!’ मीही मान ताठ करून बसले होते.