खडूची खूण

सकाळचा चहा गाळून होतोय तोच दार वाजलं. नळदुरुस्तीवाल्या संशयरावांनी आधी दाराच्या भिंगातून पाहिलं, मग साखळी न काढता दार किलकिलं केलं. हे नाव त्यांना गल्लीनं ठेवलेलं, आणि कोणी ठेवलं यावरही त्यांचा संशय होताच.

दारात खालचे मास्तर उभे. "काका, तुमच्या मोरीचं पाणी आमच्या छतातून ठिबकतंय."

"नळवाल्याच्या घरातून? तुमचंच काहीतरी असेल!"

तरी ते मोरीशी वाकले, पाइप चाचपला आणि तिथेच बसकण मारली. छातीवर पाटा ठेवल्यासारखं झालं, सदरा घामानं चिंब.

"पित्त आहे," ते डावा हात चोळत म्हणाले.

"पित्तानं हात भरून येतो होय?" बायको म्हणाली. मास्तरांनी गाडी काढली.

दवाखान्यात ईसीजी ठीक निघाला. रक्त तपासून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "ट्रोपोनिन सध्या हद्दीत आहे. हृदयाच्या स्नायूला इजा झाली की ते रक्तात उतरतं, पण त्याला वेळ लागतो. काही तासांनी पुन्हा रक्त घेऊ. तोवर घरी जाणं धोक्याचं आहे."

बाईंची पाठ वळताच संशयराव पुटपुटले, "ठीक आहे म्हणतात आणि पुन्हा रक्त काढतात. काहीतरी सापडेपर्यंत सोडणार नाहीत. चांगल्या नळाचे वॉशर बदलणारे मी पाहिलेत. उचल पिशवी." एव्हाना त्यांनी चपला पायात सरकवल्याही होत्या.

"बसा खाली," बायको म्हणाली. " टाकी गळते का, हे तुम्ही कसं बघता हो?"

"कसं म्हणजे? भरायची, पाण्याच्या रेषेवर खडूची खूण करायची. जेवून येऊन बघायचं, पाणी खाली गेलं का."

"आणि घरमालकीण म्हणाली, एकदा बघितलंत ना, आता पुन्हा कशाला?"

"तिला काय कळतंय गळतीतलं!"

बायकोनं त्यांच्या चपलांकडे पाहिलं. संशयरावांनी एक चप्पल काढली. दुसरी बराच वेळ पायातच होती.

दुसऱ्या रक्तात ट्रोपोनिन कितीतरी पट वर गेलं होतं.

"हार्ट अटॅकच आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "घरी गेला असतात तर कठीण होतं. आता दाखल करून घेतो. उपचार सुरू करू, पुन्हा रक्तही लागेल."

"ती बाटली माझीच होती ना? शेजारच्या खाटेवरच्याची नाही?"

"तुमचीच, काका."

"अहो, आता तरी!" बायकोनं कपाळाला हात लावला.

संशयरावांनी उरलेली चप्पल काढून खाटेखाली सरकवली. मग डॉक्टरीणबाईंना म्हणाले,

"पुढच्या वेळी रक्त काढाल तेव्हा हिला माझ्याजवळ उभं राहू द्या. बाटलीवर खूण ही करेल."