गाडी आलं

परवा साताऱ्यात एका कार्यक्रमानंतर एक निवृत्त गुरुजी मला भेटायला आले. हातात वहीचा कागद होता. माझं 'गाडी आलं' हे गाणं त्यांनी त्यावर उतरवून घेतलं होतं आणि लाल शाईनं सहा ठिकाणी रेघा मारल्या होत्या. "गाणं गोड आहे हो, पण एवढं व्याकरण तेवढं बघा," ते म्हणाले. मी त्यांना वाकून नमस्कार केला आणि म्हटलं, "गुरुजी, सहाच्या सहा बरोबर सापडल्या तुम्हाला. पण त्यातली एकही मी चुकून केलेली नाही." गुरुजींनी कागद माझ्या हातात ठेवला. तो कागद मी घरी चौकटीत घालून भिंतीवर लावलाय. लोक भिंतीवर बक्षिसं लावतात, तू चुका लावतेस, असं नवरा म्हणतो. म्हणू दे. माझ्या सगळ्या गाण्यांत मला सगळ्यात जास्त अभिमान त्या सहा चुकांचाच आहे.

गाणी कुठून सुचतात, असं लोक विचारतात, आणि मी काहीतरी खोल बोलेन म्हणून वाट बघतात. मी खोलबिल काही बोलत नाही. मला लोकांची बोलणी चोरून ऐकायची खोड आहे, बस्स. माझं सासर कोयनानगरच्या धरण वसाहतीतलं. लग्नानंतर पहिल्यांदा तिकडं गेले आणि दुसऱ्याच दिवशी मांडणीवरची भांडी खडखडायला लागली. भूकंप! मी पळत अंगणात. सासूबाई जागच्या हलल्या नाहीत. कणीक तिंबता तिंबता एवढंच म्हणाल्या, "बस गं, थांबंल आत्ता." त्यावरून माझं 'थांबंल आत्ता' हे गाणं झालं. असं कुणाचं तरी एखादं वाक्य माझ्या कानात अडकतं आणि गाणं होईपर्यंत सुटत नाही. आईचं वाक्य मात्र तीस वर्षं अडकून होतं.

आई जत तालुक्यातली, अगदी कर्नाटकाला चिकटलेल्या गावातली. घरात कानडी. लग्न होऊन आली ती आष्ट्याजवळच्या आमच्या गावात, उसाच्या मळ्यात. आबा, म्हणजे माझे वडील, सैन्यात. लग्नानंतर पंधरा दिवसांत ते ड्युटीवर गेले आणि आईला मराठी शिकवायचं काम आमच्या गोठ्यातल्या म्हशींवर आणि माझ्या काकांवर पडलं. म्हशी तिला हसत नव्हत्या एवढाच फरक.

आईच्या मराठीत माणसं तेवढी तो किंवा ती. बाकी सगळं जग 'ते'. चूल पेटलं. भाकरी करपलं. ऊस तुटलं. म्हैस व्यालं. आबांना सुट्टी मिळाली की ते रेल्वेनं मिरजेला उतरत आणि तिथून एसटीनं येत. घरात कुणालाही कळायच्या आधी आईला कळायचं. ती गच्चीवर चढायची, उसाच्या तुऱ्यांवरनं लांब रस्त्याकडं बघत उभी राहायची, आणि धुरळा दिसला की ओरडायची, "गाडी आलं! गाडी आलं!"

काका खालून लगेच सुरू करायचे. "वैनी, आलं साताऱ्याकडं पिकतंय. हितं गाडी 'आली' म्हनत्यात."

आई ओरडायची थांबायची नाही. आबा उतरायचे, ट्रंक उतरायची, आणि काका त्यांना पहिलंच विचारायचे, "दादा, गाडीतनं आलं किती आनलंस?" सगळे हसायचे. आईही हसायची. काका मनाचे वाईट नव्हते. त्यांना थट्टेचा एकच विषय मिळाला होता आणि तो त्यांनी आयुष्यभर पुरवून वापरला.

आईला गप्प केलं ते काकांनी नाही. मी केलं.

मी सहावीत होते. शाळेत पालकांची सभा होती. बाईंनी आईला विचारलं, शाळेबद्दल काही सांगायचंय का? आई उभी राहिली, पदर सारखा केला आणि मोकळेपणानं म्हणाली, "शाळा लय चांगलं हाय, बाई. पोरीला लय आवडतं."

पहिल्या बाकावरनं मी मान मागं वळवली आणि मोठ्यानं म्हटलं, "चांगली! शाळा चांगली!"

अख्खा वर्ग हसला. पालक हसले, बाईही हसल्या. आई खाली बसली. मला त्या क्षणी आपण फार हुशार असल्यासारखं वाटलं होतं. आता ते आठवलं की कानशिलं तापतात. घरी येताना आई नेहमीसारखीच चालत होती, संध्याकाळी माझं आवडतं पिठलंही केलं.

त्यानंतर आई चारचौघांत दोनच शब्द बोलायची, व्हय आणि न्हाई. लग्नात, बारशात, बाजारात, दवाखान्यात, फक्त व्हय आणि न्हाई. या दोन शब्दांना लिंग नसतं. तिथं चुकायची सोयच नाही. हे माझ्या ध्यानात यायला मला वीस-बावीस वर्षं लागली, आणि ज्या दिवशी आलं त्या दिवशी मी साताऱ्यात स्वयंपाकघरात ओट्याला धरून उभी राहिले. शब्दांवर जगणारी बाई मी, आणि माझ्याच आईचे सगळे शब्द मी दोनावर आणून ठेवले होते.

मग दोनेक वर्षांपूर्वी, उन्हाळ्यात, आजोळी एका लग्नाला गेले. जतकडं उन्हाळ्यात पाण्याचा टँकर येतो. दुपारी आम्ही सगळ्या बायका पडवीत बसलो होतो. रस्त्याला धुरळा उठला आणि एकदम गल्लीभर ओरडा झाला, "गाडी बंतु! गाडी बंतु!" मामी उठल्या, पोरी उठल्या, घागरी, कळशा, बादल्या घेऊन सगळ्या धावल्या. आईनं आम्हाला कानडी कधी शिकवलंच नव्हतं. मी मामींना धावता धावता विचारलं, "मामी, बंतु म्हंजे काय ओ?"

"आलं," मामी म्हणाल्या. "गाडी आलं."

मी कळशी घेऊन तिथंच थांबले. नंतर मामींकडनं कळलं, माणूस आला तर कानडीत वेगळा शब्द, बाई आली तर वेगळा, आणि गाडी, टँकर, पाणी, पाऊस, ऊस काहीही आलं तरी बंतु. आई कधी चुकतच नव्हती. ती गच्चीवरनं आपल्या गावासारखीच हाक देत होती, फक्त आम्हाला कळावी म्हणून मराठीत देत होती. आणि आम्ही तिला आल्याचा भाव विचारत होतो.

परतीच्या एसटीत गाणं लिहिलं. मांडीवर वही, पेठ नाका यायच्या आत धृपद तयार.

ऊस हललं, धूळ उडालं,
दार उघडलं, गाडी आलं.

चूल पेटलं, तवा तापलं,
भाकरी फुगलं, गाडी आलं.

लिहिताना मला हसू आवरेना. मी इतकी वर्षं यमकं जुळवताना डोकं खाजवते, आणि माझ्या आईच्या मराठीत सगळ्या जगाचं यमक आपोआप जुळतं.

सांगलीत रेकॉर्डिंगला गेले. तिथला संगीत जमवणारा मुलगा गुणी, बोलणं अगदी स्वच्छ. तो नम्रपणे म्हणाला, "ताई, 'आली' करूया का? लोक हसतील." मी म्हटलं, "कर की. मग ऊस हलला, धूळ उडाली, तवा तापला. आता जुळव बघू." त्यानं पेटीवर दोनदा वाजवून बघितलं आणि मान हलवली. मी जिंकले, चहा प्याले, ऐटीत बाहेर पडले. आणि स्टँडवर येईपर्यंत माझी सगळी ऐट उतरली. वर्गात मी तिची चूक तीस-चाळीस माणसांपुढं दाखवली होती. आता तीच चूक मी गावोगाव गाणार होते. तिला यात माया दिसेल, की पुन्हा तेच दिसेल? सरळ विचारायचं की तिला. पण स्टेजवर हजार माणसांपुढं न घाबरणारी मी, आईला एवढं विचारायला घाबरले. फोन लावायचे आणि पाऊसपाण्याचं बोलून ठेवून द्यायचे. गाणंही तसंच ठेवलं, बाहेर सोडलं नाही.

शेवटी गावानंच कोंडीत पकडलं. बायकांच्या मंडळाचं हळदीकुंकू होतं, त्यात माझा कार्यक्रम ठरवला. जागा कुठली? शाळेचं मैदान. मांडवात दुसऱ्या रांगेत आई, शेजारी गुडघ्यांना पट्टे बांधलेले आबा, मागं काका. मी मनात ठरवून टाकलं, आज इथंच म्हणायचं. ती उठून गेली तर गाणं कायमचं वहीत बंद.

पहिलं 'गाडी आलं' गायलं आणि मागनं काका खदखदून हसले. त्यांच्याबरोबर दोन-चार बायका. आबांनी दचकून वर बघितलं. आईनं मान खाली घातली. पदर तोंडावर घेतला. दुसऱ्या कडव्यालाही मान खालीच. पदराआड ती रडतेय की काय ते स्टेजवरनं दिसेना. माझा आवाज पाठ झालेल्या चालीनं पुढं जात होता, आणि आतून माझा धीर सुटत चालला होता. मला परत ती सहावीतली वर्गातली दुपार दिसायला लागली. शेवटचं धृपद आलं आणि माझ्या तोंडून निघालं, "गाडी आली."

यमक फुटलं. पेटीवाला चपापून माझ्याकडं बघायला लागला. लोकांनी टाळ्या वाजवायला हात उचलले होते ते तसेच राहिले.

दुसऱ्या रांगेत आई उभी राहिली. पदर तोंडावरनं काढलेला, डोळे ओले आणि चेहरा असा तापलेला, की मी लहान असते तर पळाले असते. तिनं तो पदर सारखा केला आणि अख्ख्या मांडवाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "आली न्हाई गं! आलं! गाडी आलं! एवढं चांगलं चाल बिघडवलंस की!"

मांडव हसला. यावेळी मला हसला. काका सगळ्यात मोठ्यानं. ते काहीतरी बोलायला उठले, बहुतेक आल्याचा भाव विचारणार होते, पण आईनं मागं वळून बोट दाखवलं. "तुमी बसा खाली. गाडी माझं हाय." काका बसले. आबा हसता हसता डोळे पुसत होते आणि त्यांना ते लपवायचंही सुचत नव्हतं.

मी नुसती मान हलवली.

"परत म्हन," आई म्हणाली. "पहिल्यापासनं."

मी पेटीवाल्याला खूण केली आणि पहिल्यापासनं म्हटलं. आई बसली नाही. माझ्या परीक्षेला आल्यासारखी शेवटपर्यंत उभी राहून एकेक शब्द ऐकत होती. शेवटी मी म्हटलं, गाडी आलं, आणि तिनं मान डोलावली.

"आता बराबर," ती म्हणाली, आणि मग बसली.