चांदबीनं भरवलेलं मैदान

लोणारात फुटबॉलचा क्लब आहे हे चांदबीला माहीत नव्हतं, आणि तिचा सख्खा धाकटा भाऊ गफ्फार त्या क्लबाचा तीन वर्षांपासून गोलकीपर होता. तो संध्याकाळी गुडघे फोडून घरी यायचा. ती हळद लावून द्यायची आणि समजायची, की बावीस वर्षांचं पोरगं कुठंतरी मारामाऱ्या करतं, लग्न झालं म्हणजे थांबेल.

चांदबी बांगड्या भरणारी. नवरा फकीर मोहम्मद पेठेत दुकान लावून बसायचा, पण माल खपायचा तो चांदबीच्या डोक्यावरच्या टोपलीतून. पाटलाच्या माडीपासून कुंभारवाड्यापर्यंत सगळ्या घरांत तिला आतपर्यंत वाट होती. बाईचं नाव ती एखादे वेळी विसरायची, हाताचं माप कधी विसरायची नाही. 'ती सव्वादोनवाली', 'ती अडीचवाली' असंच तिच्या बोलण्यात यायचं.

साल चौतीस किंवा पस्तीस असेल. एके दिवशी गफ्फारला पाहायला पाहुणे आले आणि गफ्फार घरी नाही. कोणीतरी सांगितलं, विवराच्या काठावरच्या पडीक जागेत आहे. चांदबी तशीच पदर सावरत निघाली.

तिथं तिनं आयुष्यातला पहिला फुटबॉल पाहिला. एका बाजूला अकरा जण, दुसऱ्या बाजूला नऊ. नऊवाले लोणारचे. पाहणारा एकच, तोही लिंबाखाली झोपलेला. तिच्यादेखत गफ्फारवर दोन गोल झाले. आधीचे पाच झाले होते. मग आठवा गोल इतक्या जोरात आला, की चेंडू गफ्फारच्या मागून निघाला तो काठावरून खाली विवरात गेला. क्लबाकडे चेंडू एकच होता. एक जण झाडीतून खाली उतरला आणि बाकीचे एकोणीस जण मैदानावर मांडी घालून बसले.

"आपा, तू इकडं?" गफ्फार म्हणाला.

"पाहुणे आले तुले पाहाले. किती वेळ आहे तुमचं?"

"चेंडू वर आला की सांगतो."

क्लबाचे चालक हिंमतराव मास्तर शेजारीच उभे होते. शाळेत कवायत शिकवायचे. अमरावतीला शिकत असताना त्यांना फुटबॉलचं वेड लागलं होतं, आणि ते घेऊनच ते लोणारला बदलून आले होते. चांदबीनं त्यांना विचारलं, "मास्तर, हे पाहाले लोक काऊन येत नाईत?"

मास्तरांनी खिशातून एक कागद काढून दाखवला. तिला वाचता येत नव्हतं, म्हणून त्यांनीच वाचला. वर लिहिलं होतं, 'मध्यप्रांत व वऱ्हाड, जिल्हा बुलढाणा, तालुका मेहकर, मौजे लोणार.' त्याखाली, 'तमाम क्रीडाप्रेमी नागरिकांनी बहुसंख्येने उपस्थित राहावे.' असले कागद त्यांनी चावडीवर तीनदा लावले होते. ज्यांना वाचता येत होतं ते पहिली ओळ वाचून सरकारी कागद म्हणून मागच्या मागे सटकले. मग मास्तरांनी दवंडी पिटवली. ती ऐकून अर्धं गाव शेतात पळालं, कारण त्याआधीची दवंडी पोरांना देवी टोचण्याची होती.

चेंडू वर आला तोवर अंधारून आलं होतं. पाहुणे परत गेले. गफ्फारच्या तोंडावरचा चिखल पाहून गेले की आठ गोल ऐकून, ते कळलं नाही.

चांदबीला मात्र वेगळीच गोष्ट लागली होती. जेवताना ती नवऱ्याला म्हणाली, "पोरगं हरलं त्याचं काही नाई. पण तीन वर्षं हरून राह्यलं अन् हसाले बी कोणी नाई. असं कसं?"

फकीर मोहम्मदनं यावर विचार केला आणि दुसरी भाकर घेतली.

पुढच्याच आठवड्यात मैदानावर मोतीराम पाटील आले. जागा त्यांची होती. त्यांनी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नजर फिरवली आणि म्हणाले, "मास्तर, अकरा जणायच्या पायाले एवढी जागा लागते काय? माहे बैल याच्याहून कमी जागेत फिरतात. मी इथं यंदा खळं करतो."

मास्तरांनी खूप विनवलं. शेवटी पाटील म्हणाले, "दसऱ्यानंतर तुमचा मेहकरवाल्यायसंग खेळ आहे न? त्या दिवशी मले इथं दोनशे माणूस दाखवा. एकशे नव्व्याण्णव झाले तरी खळं."

मास्तर त्या संध्याकाळी नवा कागद लिहायला बसले. गफ्फारनं हे घरी सांगितलं तशी चांदबी उठून त्यांच्या दारात गेली. "मास्तर, कागद नका लावू. तुमचा कागद पाह्यला की लोकायले शेतसारा आठवते. मले फक्त पोरं कोणकोणाची आहेत ते सांगा."

मास्तर म्हणाले, "डाव्या बाजूला एक फॉरवर्ड आहे, उत्तम..."

"ते नाई. कोणाचा कोण ते सांगा."

दसऱ्याला पाच आठवडे होते. बांगड्या भरताना बाईचा हात चांदबीच्या मुठीत असायचा, आणि बांगडी अर्ध्या हातावर असताना कोणी उठून जाऊ शकत नाही. तेवढा वेळ चांदबीला पुरायचा.

डाव्या बाजूला खेळणाऱ्या महादेवची आई सरस्वतीबाई हात पुढे करून बसल्या होत्या, तेव्हा चांदबी म्हणाली, "तुमचा महादेव डावा पाय मारते म्हणे."

"कोणाले मारते?" सरस्वतीबाईंनी दचकून विचारलं.

"चेंडूले. मास्तर म्हणतात, असा डावा पाय तालुक्यात नाई."

सरस्वतीबाई जरा विचार करून म्हणाल्या, "लहानपणी त्याच पायाले इचू चावला होता."

चांदबीला एवढंच हवं होतं. संध्याकाळपर्यंत पाच घरांना कळलं, की महादेवच्या डाव्या पायात विंचू आहे. आठ दिवसांत विंचवाचे दोन झाले. महादेव विहिरीवर पाणी भरायला गेला, की बायका त्याच्या तोंडाकडे न पाहता पायाकडे पाहायच्या. कुंभाराच्या पोराबद्दल तिनं सांगितलं, की तो वाऱ्यासारखा पळतो, फक्त कुठल्या बाजूला पळेल ते त्याचं त्यालाच माहीत नसतं. स्वतःच्या भावाबद्दलही तिनं काही लपवलं नाही. "गफ्फार चेंडू अडवत नाई," ती सांगायची, "पण पडते लय छान."

मग तिनं सदऱ्यांचं काढलं. पोरं ज्याच्या अंगात जे असेल ते घालून खेळायची. मांजरपाटाचं कापड रंगाऱ्याकडून चुड्यासारखं हिरवं करून आणलं आणि अकरा घरांत अकरा सदरे शिवायला टाकले. माप एकच सांगितलं होतं, पण आले ते अकरा तऱ्हांचे. सरस्वतीबाईंनी महादेवच्या सदऱ्याला दोन मोठे खिसे लावले होते, भूक लागली तर शेंगदाणे ठेवायला. गफ्फारचा सदरा चांदबीनं मुद्दाम पाटलीणबाईंकडे, अन्नपूर्णाबाईंकडे दिला होता. त्यांच्या हाताला कशिदा होता. त्यांनी पाठीवर चोच उघडलेला पोपट काढला.

मास्तरांनी ते पाहून डोक्याला हात लावला. "चांदबी, फुटबॉलच्या सदऱ्याला खिसे नसतात. पोपट तर नसतोच नसतो."

"असू द्या, मास्तर. खिसा कुठी फाटते ते पाहाले चार जणी येतील."

सुनांना घराबाहेर पडायला सबब लागते, तीही तिनं करून दिली. मेहकरच्या खेळाआधी आठ दिवस तिनं घरोघरी सांगितलं, की नव्या लाखेच्या बांगड्या आल्या आहेत, पण पाय दुखतात म्हणून या खेपेला दारोदार येणं होणार नाही. रविवारी दुपारनंतर मैदानावर लिंबाखाली बसणार, ज्यांना भरायच्या त्यांनी तिथं यावं. हे सांगायला ती साठ-सत्तर घरं पायीच फिरली.

रविवारी तीन वाजल्यापासून बायका येऊ लागल्या. सासवा आल्या, सुना आल्या, कडेवरची आली. मोहल्ल्यातल्या बायका चादरी बांधलेल्या दोन छकड्यांतून आल्या. छकडे मैदानाच्या कडेला सोडले, आणि खेळ रंगला तशा त्या चादरींना डोळ्याएवढ्या फटी पडत गेल्या. बऱ्याच उशिरानं, घरी भाकर टाकायला कोणी नाही हे ध्यानात आल्यावर, गडीमाणसं शोधत आली. ती कडेला उभी राहिली, आपण खेळ पाहायला आलो नाही असं तोंड करून.

मेहकरचे लोक बूट घालून आले होते. त्यांच्याबरोबर शिट्टी घेतलेले एक कारकून होते, तेच पंच. एवढी गर्दी पाहून त्यांनी मास्तरांना विचारलं, "इथं जत्रा आहे का आज?"

खेळ सुरू झाला आणि दहा मिनिटांत गफ्फारवर दोन गोल झाले. दोन्ही वेळा तो असा काही आडवा पडला, की बायकांनी तोंडाला पदर लावला. पंचांची शिट्टी वाजली की मागून कोणीतरी विचारायचं, "आता कोणाले रागावले?" कुंभाराच्या पोरानं चेंडू घेतला आणि आपल्याच गोलाकडे धावला, तेव्हा त्याच्या आजीनं सगळ्यांना सांगितलं, की हा लहानपणी रांगायचाही उलटाच.

मग चेंडू महादेवकडे आला. डाव्या बाजूनं तो निघाला तशी कोणीतरी ओरडली, "इचू!" लगेच शंभर बायकांनी ते उचललं. "इचू, इचू!" मेहकरचे दोन गडी जागच्या जागी उडाले आणि पायांखाली पाहू लागले. महादेव दोघांच्या मधून गेला. त्यांचा गोलकीपर एका पायावर उभा असताना चेंडू आत गेला. दोन वर्षांतला लोणारचा तो पहिला गोल. गडीमाणसं आता कडेची उरली नाहीत. कोणाचं मुंडासं हवेत गेलं ते कोणाच्या डोक्यावर परत आलं याचा पत्ता लागला नाही.

मेहकरवाल्यांनी तक्रार केली. पंचांनी मास्तरांना विचारलं, "हे विंचवाचं काय?"

मास्तर म्हणाले, "खेळाडूचं टोपणनाव आहे." आयुष्यात ते पहिल्यांदाच खोटं बोलले असं पुढे त्यांनीच सांगितलं.

त्यानंतर मेहकरच्या गड्यानं महादेवला सदऱ्याला धरून ओढलं. खिसा फाटला आणि शेंगदाणे मैदानभर झाले. सरस्वतीबाई उठल्या, कमरेच्या बटव्यातून सुईदोरा काढला आणि चालत मैदानाच्या मध्यावर गेल्या. पंचांनी शिट्टी वाजवली. सरस्वतीबाईंनी मान वर केली नाही. "थांबा हो, एकच टाका आहे," म्हणाल्या. टाके अकरा घातले. तोवर बावीस जण उभे राहिले, आणि मेहकरच्या दोघांनी शेंगदाणे वेचून खाल्ले.

मध्येच चेंडू खाली विवरात गेला. एरवी खेळ तिथंच मोडायचा. आज चांदबीनं टोपलीवरचं फडकं काढलं, आणि चेंडू वर येईपर्यंत पंचवीस-तीस हात भरून झाले. एकही बाई उठून गेली नाही.

पाटील आले ते याच वेळी. त्यांनी मैदानाला एक चक्कर मारली, बोटांवर काहीतरी मोजलं आणि मास्तरांसमोर येऊन उभे राहिले. "माणसं साठ-सत्तर आहेत, मास्तर. या तर साऱ्या बायका. मी दोनशे माणूस म्हणलो होतो."

तेवढ्यात मागून अन्नपूर्णाबाईंचा आवाज आला. त्या तिथं आहेत हे पाटलांना ठाऊक नव्हतं.

"मंग आमी काय म्हशी आहो?"

तीस वर्षांच्या संसारात कुठल्या प्रश्नाला उत्तर द्यायचं नसतं एवढं पाटलांना कळलं होतं. बाई पुढे म्हणाल्या, "अन् बाजूले सरका जरा. माहा पोपट दिसत नाई."

पाटील बाजूला सरकले. थोड्या वेळानं खाली बसले. खळं त्यांनी त्या साली ओढ्याच्या काठी केलं.

मेहकर पाच गोल करून जिंकलं, लोणारचा एक. खेळ संपल्यावर लोणारवाल्यांनी महादेवला खांद्यावर घेऊन वाजतगाजत गावात नेलं. मेहकरचे गडी मैदानावर उभे राहून एकमेकांना विचारत होते, की जिंकलं कोण.

गफ्फार घरी आला तो तोंड पाडून. "आपा, सगळं गाव हसलं मले."

"हाव," चांदबी म्हणाली. "सगळं गाव."

तो काहीतरी बोलणार होता. पण तिचं तोंड पाहून त्यालाच हसू आलं, आणि मग दोघंही पोट धरून हसत बसली. महिन्याभरात मोहल्ल्यातल्या बानोच्या घरून गफ्फारला मागणी आली. बानोच्या आईनं चादरीच्या फटीतून सगळा खेळ पाहिला होता. तिचं म्हणणं असं, की जो पोरगा इतक्या वेळा पडून धड उठतो, त्याच्या प्रकृतीची काळजी नाही.

पुढे क्लबाच्या पंचमंडळात मास्तरांनी चांदबीचं नाव घातलं. दर खेळाला मैदान भरायचं. तिसऱ्या वर्षी पोरं जिंकूही लागली, मात्र तेव्हा काही बायकांनी पहिल्यासारखी मजा राहिली नाही अशी तक्रार केली. ऑफसाइड म्हणजे काय, हे मास्तरांनी चांदबीला खडे मांडून चार वेळा समजावलं. चारही वेळा ती म्हणाली, "पण पुढं उभा राह्यला तर त्यात त्याचं काय चुकलं?"

एकदा मेहकरच्या क्लबाचे दोघे जण तिच्या अंगणात आले. कडक इस्त्रीच्या टोप्या. म्हणाले, "आमच्याकडे खेळ चांगला आहे, लोक येत नाहीत. तुम्ही काय करता ते सांगा."

चांदबी फुटक्या बांगड्या निवडत होती. "तुमचा गोलकीपर कोण?"

"रामराव म्हणून आहे. उंच आहे, हात लांब आहेत."

"त्याची माय काय करते?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. "ते माहीत नाही."

"मंग लोक कोणाले पाहाले येतील? जा, आधी तिच्या हातचा चहा पिऊन या."

हे कळल्यावर मास्तर फार संतापले. गावचं गुपित परगावच्या लोकांना सांगितलं म्हणाले. चांदबी म्हणाली, "त्यायचं पोरगं बी कोणाचं तरी आहेच न?" पुढच्या खेळाला मेहकरहून सात गाड्या भरून माणसं आली. त्यात रामरावची आई होती. ती सबंध वेळ पोराच्या नावानं असा काही आवाज देत होती, की लोणारच्या पोरांना धड पळता येईना. लोणार सहा गोलांनी हरलं, आणि मास्तर दोन दिवस चांदबीशी बोलले नाहीत.