समोर बघणारा फोटो

पोलादपूरला ताईचं शिवणकामाचं दुकान होतं. काउंटरच्या मागे तिनं एका परदेशी फॅशन डिझायनर बाईचा फोटो लावला होता, मासिकातून कापून फ्रेम केलेला. काळा-पांढरा. म्हातारी बाई, गळ्यात मोत्यांच्या माळा, मान वळवून दूर कुठंतरी बघतेय. जगभर गाजलेला फोटो आहे, असं ताई सांगायची. मुंबईत कोर्स केला तेव्हापासून तो तिच्याजवळ होता. ब्लाउज शिवायला टाकणाऱ्या बायका विचारायच्या, "ही कोन गो तुजी? आजी?"

"आजीच समजा," ताई म्हणायची.

एका दिवाळीत तिनं स्वतः शिवलेला काळा ड्रेस घातला, दुकानाबाहेर खुर्ची ओढली, तशीच मान वळवली आणि मला म्हणाली, "काढ. आणि हसवू नकोस." मी मोबाइलवर काढला. स्वतःचा तेवढा एकच फोटो तिला आवडायचा.

पुढच्या पावसाळ्यात तिला कावीळ झाली. आधी गावठी औषध, मग महाडचा दवाखाना, मग मुंबई. मुंबईहून आम्ही तिचं प्रेतच घेऊन परतलो.

तेराव्याला फोटो हवा होता. मी तो काळ्या ड्रेसमधला दाखवला. काकांनी मोबाइल लांब धरून पाहिला.

"अगो, लोक हार घालाया येनार, नि ही बघतेय भलतीकडं. समोर बघनारा नाय काय?"

मी आईकडे पाहिलं. ती भिंतीला टेकून बसली होती.

समोर बघणारा होता तो आधार कार्डावरचा. महाडच्या फोटोवाल्यानं तेवढा चेहरा कापून घेतला, गोरा केला आणि कॉम्प्युटरमधल्या हिरव्या भरजरी साडीवर बसवला. ब्लाउज एका खांद्यावरून घसरल्यासारखा दिसत होता. असा ब्लाउज ताईनं उसवून पुन्हा शिवला असता.

"खांदा नीट करता येईल का?" मी विचारलं.

"फ्रेममध्ये कळत नाय मॅडम."

फोटो लागला. बायका हार घालून रडल्या. कुणालाच काही वावगं वाटलं नाही. सगळे गेल्यावर आईनं पदरानं काच पुसली.

"तुला दिसते का गो ती ह्याच्यात?"

"हो," मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

आता ताई आठवायला गेले की आधी तो हिरव्या साडीतला चेहराच समोर येतो. तो बाजूला सारून तिला शोधावं लागतं, आणि हल्ली ती लवकर सापडत नाही.